वांद्र्याच्या जत्रेतल्या पत्रकाबद्दल मुंबईतल्या मराठी मंडळ्यांना खुलं पत्र

मुंबईतल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच आणि तरुण संघाचे सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

सप्टेंबर जवळ आला. ८ तारखेला मरियेचा जन्मदिन, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या डोंगरावर मोत माऊलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा. आपल्यातल्या काही तरुण संघांनी यंदाही जत्रेच्या वाटेवर उभं राहून पत्रकं वाटायचं ठरवलं आहे, असं कानावर आलं. माझी विनंती एवढीच, की ते पत्रक यंदा छापू नका. त्यातला मजकूर खरा नाही. आपला कॅथलिकांशी जो खरा मतभेद आहे, तो त्यात कुठेच आलेला नाही.

मी आपल्यातलीच. पणजोबांनी नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला, आजोबा गिरणीत लागले आणि आम्ही भायखळ्याचे झालो. बरीच वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शास्त्रवर्गात, शिकवते आहे. संतांना हाक मारून मी प्रार्थना करत नाही, करणारही नाही. का नाही, ते पुढे लिहिते. माझी भावजय गोराईची, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांपैकी. त्यामुळे जपमाळ आमच्याच घरात आहे आणि ती कशी म्हणतात हे मला पत्रक लिहिणाऱ्यांपेक्षा जवळून माहीत आहे.

पत्रकात तीन आरोप आहेत. कॅथलिक लोक मरियेला देव मानून तिची उपासना करतात. ख्रिस्त एकटा मध्यस्थ पुरत नाही म्हणून त्यांनी आणखी मध्यस्थ नेमले. आणि मेणाचा हात-पाय वाहिला की तारण मिळतं, असं त्यांना त्यांचं चर्च शिकवतं. खाली जाड टाइपात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन छापलं आहे: देव एक, आणि देव व माणसं यांच्यामध्ये मध्यस्थही एकच, ख्रिस्त येशू.

लोक जत्रेत प्रत्यक्ष काय करतात हा वेगळा प्रश्न आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण पत्रक म्हणतं की हे त्यांचं चर्च शिकवतं, आणि चर्चची शिकवण म्हणून तिन्ही आरोप खोटे आहेत. मूर्ती आणि प्रतिमा यांना मान द्यायचा, उपासना मात्र फक्त देवाची, हा भेद बिशपांच्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं ७८७ मध्येच करून ठेवला. ज्या सुधारणेच्या चळवळीतून आपण प्रोटेस्टंट निघालो तिला उत्तर द्यायला भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेनं डिसेंबर १५६३ मध्ये संतांबद्दल जे ठरवलं, ते आपल्या लोकांनी एकदा तरी वाचावं. ख्रिस्तासोबत राज्य करणारे संत माणसांसाठी देवाला विनंती करतात, त्यांना हाक मारणं चांगलं आणि उपयुक्त आहे, आणि आपला तारणारा व उद्धारक मात्र एकटा ख्रिस्तच, असं त्यात आहे. ‘चांगलं आणि उपयुक्त’ इतकंच म्हटलंय. त्याशिवाय तारण नाही, असं म्हटलेलं नाही. त्याच ठरावात अंधश्रद्धा आणि पैशाचा हव्यास या बाबतीतून काढून टाकायचा हुकूमही बिशपांना दिलाय.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये आणखी स्पष्ट केलं: मरियेची कामगिरी ख्रिस्ताची एकमेव मध्यस्थी झाकत नाही, कमी करत नाही, आणि विश्वासणाऱ्याचा ख्रिस्ताशी थेट संबंध अडवत नाही. तेवढ्यावर थांबले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशिकवण विभागानं, पोपच्या संमतीनं, मरियेला ‘सह-उद्धारक’ म्हणणं योग्य नाही असं लेखी जाहीर केलं आणि ‘सर्व कृपांची मध्यस्थ’ या पदवीबद्दलही सावधगिरीचा इशारा दिला. ज्या गोष्टीचा आरोप आपलं पत्रक कॅथलिकांवर करतं, तिच्याविरुद्ध त्यांचंच चर्च आपल्या माणसांना इशारा देतं आहे. हे माहीत नसताना छापलं असेल तर आता माहीत झालं. यापुढे पुन्हा छापलं, तर ती शेजाऱ्याविरुद्ध दिलेली खोटी साक्ष होईल. दहा आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ही त्यातलीच एक.

भावजय संध्याकाळी स्वयंपाकाआधी जपमाळ धरते तेव्हा ती काय म्हणते, ते सांगते. सुरुवात प्रेषितांच्या मतांगिकारानं, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीनं, जो आपणही दर रविवारी म्हणतो. मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. मग दहा वेळा मरियेची प्रार्थना. त्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे: गब्रीएलचं अभिवादन आणि अलीशिबेचे शब्द. आपण नाताळात हेच वाचतो. उरलेल्या अर्ध्यात एकच मागणी आहे: आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. कॅथलिकांच्या संतांच्या नाममालेतही असंच. देवाचं नाव आलं की लोक म्हणतात, आम्हावर दया कर. संताचं नाव आलं की म्हणतात, आमच्यासाठी विनंती कर. दोन्ही उत्तरं एकाच दमात येतात आणि कधी एकमेकांत मिसळत नाहीत. निरक्षर म्हातारीही तिथे चुकत नाही.

तर आपला सगळा वाद त्या मागणीपाशी आहे. वाद मोठाच आहे, आणि तो नीट मांडला पाहिजे.

तीमथ्याच्या पत्रातलं पाचवं वचन छापायचं तर त्याच अध्यायातलं पहिलं वचनही वाचावं लागतं. तिथे पौल सांगतो की सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, रदबदली करा. म्हणजे एकच मध्यस्थ असतानाही एकमेकांसाठी देवाकडे शब्द टाकणं पौलाला चालतं. उलट ते त्याला हवंच आहे. दर बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत आपण काय करतो? कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी, आणि सगळे मिळून विनंती. पाळकसाहेबांना फोन करून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणणारा माणूस ख्रिस्ताची मध्यस्थी नाकारतो, असं कोणी म्हणत नाही. याकोबही हेच सांगतो: एकमेकांसाठी प्रार्थना करा, नीतिमानाच्या विनंतीत मोठं बळ असतं. तेव्हा पाचव्या वचनानं कॅथलिकांचं तोंड बंद होत नाही. ते म्हणतात, आम्हीही हेच करतो, फक्त ज्याला सांगतो तो मेलेला आहे.

आणि खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. प्रभूमध्ये झोपी गेलेला माणूस आपली हाक ऐकतो का? ऐकत असेल तर त्याला हाक मारायची परवानगी देवानं दिली आहे का?

कॅथलिक म्हणतात, देव मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे, हे येशूनंच सांगितलं. रूपांतराच्या डोंगरावर मोशे आणि एलीया त्याच्याशी बोलत होते. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात साक्षीदारांचा मेघ आपल्याभोवती आहे. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात चोवीस वडील सोन्याच्या वाट्या धरून कोकऱ्याच्या पाया पडतात आणि त्या वाट्यांतला धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात तर मेलेला यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. पण ते पुस्तक त्यांच्या ७३ पुस्तकांत आहे, आपल्या ६६ मध्ये नाही. मरियेला एकाच वेळी जगभरच्या हाका कशा ऐकू येतात, असं आपण विचारतो. त्यावर त्यांचा मध्ययुगातला मोठा धर्मपंडित थॉमस अक्वायनस याचं उत्तर असं, की संतांना ते स्वतःच्या शक्तीनं कळत नाही. देवाच्या सान्निध्यात, देव दाखवील तेवढं कळतं. आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनं विचारलं होतं: देहात असताना, स्वतःचीच काळजी असताना, प्रेषित दुसऱ्यांसाठी प्रार्थना करू शकत होते, तर मुकुट मिळाल्यावर करणार नाहीत का?

ही उत्तरं फालतू नाहीत. शब्बाथ शाळेतला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कॉलेजात जातो, तिथे वसईचा नाहीतर वांद्र्याचा मित्र त्याला हे सगळं सांगतो, आणि आपल्या मुलाच्या हातात असतं फक्त पत्रकातलं एक वचन. मग एक तर तो भांडतो, नाहीतर गप्प बसतो आणि हळूहळू दोन्ही चर्चमधून निघून जातो. हे मी होताना पाहिलं आहे.

आपली बाजू त्या पत्रकापेक्षा कितीतरी भक्कम आहे. १५३० चा ऑग्सबर्गचा कबुलीजबाब म्हणजे सुधारणेची चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या अनुयायांनी लेखी मांडलेला आपला विश्वास. त्याचा एकविसावा लेख म्हणतो की संतांची आठवण जरूर ठेवा, त्यांचा विश्वास आणि सत्कर्म गिरवा; पण संतांना हाक मारावी, त्यांच्याकडून मदत मागावी, असं शास्त्र शिकवत नाही. पुढच्याच वर्षी ल्यूथरचा सहकारी मेलांक्थॉन यानं त्या कबुलीजबाबाचं समर्थन लिहिलं. त्यात त्यानं मोकळेपणानं मान्य केलं की देवदूत आपल्यासाठी प्रार्थना करतात, आणि स्वर्गातले संत सर्व मंडळीसाठी प्रार्थना करतात हेही मानता येईल. पण म्हणून त्यांना हाक मारावी, असं निघत नाही. कारण तशी आज्ञा नाही, तसं वचन नाही, आणि वचनाशिवाय प्रार्थनेला आधार नाही. मला हा युक्तिवाद फार आवडतो. तो समोरच्याचं जेवढं खरं तेवढं देऊन टाकतो आणि मग जिथे उभं राहायचं तिथे ठाम उभा राहतो.

सुधारणेच्या चळवळीतला दुसरा मोठा पुढारी कॅल्व्हिन, त्यानं जास्त कडक भाषेत विचारलं: आपल्या शब्दांपर्यंत पोहोचतील एवढे लांब कान संतांना आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं? अँग्लिकनांच्या ३९ लेखांतला बाविसावा लेख संतांना हाक मारण्याला शास्त्राधार नसलेली, माणसांनी रचलेली गोष्ट म्हणतो. ल्यूथरची वाट मात्र मुलांना जरूर सांगावी अशी आहे. १५०५ मध्ये श्टोटर्नहाइमजवळ वादळात वीज पडली तेव्हा त्यानं संत अन्नेला, मरियेच्या आईला, हाक मारली आणि मठात जायचा नवस बोलला. १५२१ मध्ये त्यानं मरियेच्या स्तोत्रावर लिहिलं, त्यात अजून तिच्या विनंतीची अपेक्षा आहे. १५३७ येईपर्यंत त्यानं संतांना हाक मारणं ख्रिस्तविरोधी गैरप्रकारांत घातलं. म्हणजे या निर्णयाला पोहोचायला खुद्द ल्यूथरलाही कितीतरी वर्षं लागली, आणि आपण जत्रेतल्या बाईनं जिना चढता चढता अर्ध्या मिनिटात तो घ्यावा म्हणतो.

मी स्वतः संतांना हाक का मारत नाही, हे सांगायचं कबूल केलं होतं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मृतांना विचारायला जाऊ नको अशी मनाई आहे. पण मृतांना बोलावणाऱ्या एनदोरच्या बाईकडे शौल राजानं जाणं आणि मरियेला ‘विनंती कर’ म्हणणं या एकाच गोष्टी नव्हेत, तेव्हा माझा आधार ते वचन नाही. माझा आधार इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय: आपण धैर्यानं कृपासनाजवळ जावं. आणि सातवा: तो आपल्यासाठी विनंती करायला सर्वदा जिवंत आहे. आणि रोमकरांस पत्राचा आठवा: मला शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा स्वतः कण्हून माझ्यासाठी मागतो. पुत्र मागतो, आत्मा मागतो, पिता ऐकायला बसलेला आहे. एवढं स्पष्ट वचन हाताशी असताना ज्याबद्दल वचन नाही तिकडे मी वळू शकत नाही. हे मी भावजयीला जेवताना सांगितलं आहे, तिनं तिचं मला सांगितलं आहे, आणि दोघींपैकी कोणीही हललेली नाही.

आता जत्रेत लोक काय करतात त्याकडे येते. डोंगरावर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. दोरीला ओवलेले मेणाचे हात, पाय, डोळे, हृदय. लहान बाळ, ज्यांना मूल हवं त्यांच्यासाठी. घर, ज्यांना खोली हवी त्यांच्यासाठी, आणि या शहरात ती कोणाला नको आहे? परदेशी जायचं असेल तर विमानही मिळतं. घेणाऱ्यांत पुष्कळ हिंदू असतात, पारशीही येतात. दुकानदार विचारत नाही तुम्ही कोण, आणि देवळातही कोणी विचारत नाही. ज्याचा गुडघा धरलाय तो मेणाचा पाय घेतो, थोडा वेळ तो स्वतःच्या गुडघ्याला लावून धरतो, मग वर नेऊन ठेवतो.

यात घासाघीस आहे का? पुष्कळ वेळा आहे. तू मूल दे, मी पुढच्या वर्षी येईन, अशा नवसाची भाषा जत्रेत ऐकू येते, कारण येणाऱ्यातले पुष्कळ लोक तीच भाषा घरून घेऊन येतात. आणि आपल्या मराठी मंडळ्यांना हे इतकं का टोचतं, तेही मला समजतं. जर्मनीत १५३० मध्ये काय झालं, हे माझ्या पणजोबांना माहीत नव्हतं. त्यांना माहीत होता कोंबडा-बकऱ्याचा नवस, तो फेडायला काढलेलं सावकाराचं कर्ज, आणि फेडला नाही तर देव कोपेल ही रात्रीची भीती. ख्रिस्ताजवळ देणंघेणं नाही, सगळं फुकट आहे, हे ऐकून त्यांचा जीव मोकळा झाला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हापासून नवसाला विरोध हा मराठी प्रोटेस्टंटांच्या विश्वासाचा कणा आहे. मेणाचा पाय दिसला की आपल्याला पोर्तुगाल आठवत नाही, आपला गाव आठवतो.

पण ईस्ट इंडियन माणसाची आठवण वेगळी आहे. त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकात ख्रिस्ती झाले, मुंबईत एकही मराठी प्रोटेस्टंट नव्हता तेव्हा. त्या डोंगरावरचं जुनं देऊळ मराठे आणि पोर्तुगीज यांच्या युद्धाच्या धामधुमीत गेलं, १७६१ मध्ये पुन्हा उभं राहिलं, आणि आजची इमारत १९०४ ची आहे. मरियेची मूर्ती समुद्रात गेली आणि कोळ्यांच्या हाती परत आली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १८९६ ला प्लेग आला तेव्हा वांद्र्यापासून गिरगावापर्यंत गल्लीगल्लीत क्रूस उभे राहिले आणि लोक रोज संध्याकाळी तिथे जमून प्रार्थना करत. त्यातले कित्येक क्रूस आजही रस्त्याच्या कडेला आहेत. घरात रोज माणूस मरतोय अशा वेळी त्या लोकांनी मरियेला, संत रॉकला, संत सेबॅस्टियनला ‘आमच्यासाठी विनंती करा’ म्हटलं. त्यांच्या नातवंडांच्या हातात आपण ‘मूर्तिपूजक’ लिहिलेला कागद देतो, तेव्हा तो कागद त्यांना धर्मशास्त्राचा वाटतच नाही. तो त्यांच्या आजीबद्दलचा वाटतो.

कॅथलिक बाजूनं चुकीचं काही होतच नाही, असं मी म्हणत नाही. माझ्या भावजयीच्या नात्यातले एक गृहस्थ संतांची मध्यस्थी समजावताना नेहमी म्हणतात, ‘मोठ्या साहेबाला भेटायचं तर आधी पीएला धरावं लागतं.’ मुंबईत हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे, की बऱ्याच कॅथलिकांना तीच आपली शिकवण वाटते. हे वाक्य चूक आहे आणि घातक आहे. पिता म्हणजे केबिन बंद करून बसलेला साहेब होतो, पुत्राचा त्यात पत्ताच नाही, आणि प्रार्थना म्हणजे वशिला. त्यांच्याच परिषदेनं ज्या थेट संबंधाबद्दल लिहिलं तो हे वाक्य पुसून टाकतं. तसंच वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचं: अमुक प्रार्थना नऊ दिवस म्हणा, मागितलेलं मिळेलच, मिळाल्यावर छापून आभार माना. संत ज्यूडच्या नावानं अशा जाहिराती मुंबईच्या इंग्रजी पेपरांत वर्षानुवर्षं येतात. ‘मिळेलच’ हा शब्द कोणत्याही प्रार्थनेत शोभत नाही. हे कॅथलिक फादरांना समोरासमोर सांगावं, त्यांच्या ऑफिसात बसून, ट्रेंटचा ठराव समोर ठेवून. माझा अनुभव असा, की ते ऐकतात. त्यांनाही त्याचा त्रास होतो. जत्रेच्या गर्दीत कोणा अनोळखी बाईच्या हातात पत्रक कोंबणं म्हणजे त्या बोलण्यापासून पळ काढणं आहे.

आता आपल्या घरात जे बिघडलं आहे त्याबद्दल.

मध्यंतरी उपनगरातल्या एका मंडळीतले गृहस्थ वारले. ते प्रोटेस्टंट, पत्नी लग्नाआधीची कॅथलिक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या माहेरची माणसं आली, हॉलमध्ये सतरंजीवर बसली आणि तिच्या मावशीनं हळू आवाजात जपमाळ सुरू केली. पहिलं दशक, म्हणजे पहिले दहा मणी, संपायच्या आत मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या सभासदानं हात वर करून सांगितलं, ‘हे या घरात चालणार नाही.’ मावशीनं माळ बटव्यात ठेवली. कोणी काही बोललं नाही. मग आपल्या पद्धतीनं प्रार्थना झाली, गीत झालं, चहा झाला. सगळे गेल्यावर त्या बाईनं मला स्वयंपाकघरात विचारलं, ‘तुम्ही शिकवता म्हणून विचारते. ते आता माझ्यासाठी प्रार्थना करत असतील का?’

या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर आहे. मेलांक्थॉननं १५३१ मध्येच दिलेलं आहे: हो, असं मानायला हरकत नाही. त्यांना हाक मारायची गरज नाही, पण ते ज्याच्याजवळ आहेत त्याच्याचजवळ तुम्हीही प्रार्थना करता. मी तिला हेच सांगितलं. पण पुढचे किती दिवस मी विचार करत होते, की हे तिला तिच्या मंडळीत कोणी कधीच का सांगितलं नव्हतं. ‘पवित्र जनांच्या सहभागितेवर माझा विश्वास आहे’ असं आपण दर रविवारी उभं राहून म्हणतो. म्हणताना आपल्या डोक्यात कोण असतं? कॅथलिकांसारखं दिसू नये या भीतीनं आपण आपल्या मेलेल्यांबद्दल बोलायचंच सोडलं आहे. अंत्यविधीच्या उपदेशात पुनरुत्थान येतं, न्याय येतो. आज, आत्ता, तो माणूस कुठे आहे आणि त्याचं आपल्याशी नातं काय उरलं, यावर शब्द नाही. त्या पोकळीत माणूस शेवटी जपमाळेकडे वळतो, नाहीतर भगताकडे.

आणि संतांची आठवण ठेवा, हे ऑग्सबर्गनंच सांगितलेलं. ते तरी आपण कुठे पाळतो? इंग्लंडच्या चर्चनं आपल्या दिनदर्शिकेत पंडिता रमाबाईंचं नाव घातलं आहे. आपल्या मंडळ्यांत त्यांच्यासाठी एक रविवार नाही. नारायण वामन टिळकांची गीतं गातो, पण त्यांनी बाप्तिस्म्यासाठी काय काय सोडलं हे दृढीकरणाच्या वर्गात, जिथे मोठी झालेली मुलं मंडळीची पूर्ण सभासद व्हायला शिकतात तिथे, सांगत नाही. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं नाव तर मुलांना परीक्षेत आलं तरी ओळखता येणार नाही. वसईच्या कॅथलिक मुलाला विचारा, तो सांगेल की आपला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मेला आणि १८६२ मध्ये त्याला संत म्हणून घोषित केलं. त्या पोराला आपला माणूस माहीत आहे. आपल्या पोरांना पत्रक माहीत आहे.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पाळकसाहेबांना खास सांगते, कारण माझी मंडळी त्याच चर्चची. आपलं चर्च जगातल्या अँग्लिकन परिवाराचं सभासद आहे. त्या परिवाराच्या आणि रोमच्या संयुक्त आयोगानं २००५ मध्ये मरियेवर एक निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी मिळून म्हटलं की संतांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगणं शास्त्रानं सक्तीचं शिकवलेलं नाही, आणि शास्त्राविरुद्ध म्हणून बाजूलाही टाकता येत नाही. या निवेदनातल्या सगळ्याशी मी सहमत नाही. पण आपल्याच परिवारातली माणसं जिथवर पोहोचली तिथून बोलणं सुरू करावं. आपण अजून जत्रेच्या पायऱ्यांवर उभे आहोत.

माझ्या मागण्या अशा. यंदा पत्रक वाटू नये. त्याऐवजी सप्टेंबर उजाडायच्या आधी एका शनिवारी दोन्हीकडच्या तरुणांना एकत्र बसवावं; एक पाळक आणि एक फादर यांनी पवित्र शास्त्र उघडून, वर लिहिलेल्या वचनांवर, तीन तास बोलावं आणि मुलांचे प्रश्न घ्यावेत. मतभेद झाकू नये, उलट तोच फळ्यावर लिहावा. दृढीकरणाच्या वर्गात ऑग्सबर्गचा एकविसावा लेख आणि ट्रेंटचा ठराव शेजारी शेजारी ठेवून शिकवावेत. ३० ऑक्टोबरनंतरच्या पहिल्या रविवारी आपल्या मंडळीतल्या, त्या वर्षी प्रभूकडे गेलेल्यांची नावं उपासनेत मोठ्यानं वाचावीत आणि त्यांच्यासाठी देवाचे आभार मानावेत. आणि मिश्र लग्नाच्या घरी मयत झाली, तर कॅथलिक नातेवाइकांना त्यांची जपमाळ पूर्ण करू द्यावी. आपण तेवढा वेळ सोबत बसावं. म्हणायची नसेल तर म्हणू नये.

त्या शनिवारसाठी दोन्ही बाजूंची वचनं आणि उतारे मराठीत एकत्र करून द्यायचं काम मी करते. भावजय तिच्या धर्मग्रामातल्या फादरांशी बोलायला तयार आहे. जागा आणि तारीख आपण पाळकसाहेबांनी ठरवायची. येत्या मंडळी-सभेत विषय घ्यावा आणि काय ठरलं ते कळवावं.

प्रभूच्या सेवेत आपली,
एक शब्बाथ शाळा शिक्षिका
भायखळा, मुंबई